प्राण्याला वेदना जाणवते का? तपासताना या चुका टाळा

प्राणिशास्त्राचे प्रकल्प तपासायला घेतले की दोन-तीन वह्यांत हे वाक्य हमखास सापडतं : 'प्राणी तडफडला, म्हणजे त्याला वेदना झाली.' ते मी लाल शाईने खोडतो.

शरीराने इजा टिपणं वेगळं आणि ती दुखणं वेगळं. १८५३ साली फ्ल्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाने मुंडकं कापलेल्या बेडकाच्या अंगाला आम्ल लावलं, तर बेडकाने ते पायाने पुसलं. तो पाय कापल्यावर दुसरा पुढे केला! आज आपण याला मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो. म्हणून प्रत्येक निरीक्षणाशेजारी मी पेन्सिलीने लिहितो, 'डोक्याशिवाय झालं असतं का?' उत्तर 'हो' आलं, तर ते पुराव्यात धरत नाही.

मग बघायचं काय? प्राणी देवाणघेवाण करतो का ते, म्हणजे इजा टाळायची की आवडती गोष्ट राखायची याचा तोल साधतो का. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य धक्के दिले. नावडत्या शंखातले खेकडे जास्त वेळा बाहेर पडले. आवडत्या शंखातल्यांनी धक्का सोसला. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेला शंखाची किंमत कळत नाही.

आता माझं अख्खं सत्र खाल्लेली चूक. कोळंबीच्या मिशीला आम्ल लावलं तर ती मिशी चोळत राहते आणि बधिर करणारं औषध दिलं की चोळणं कमी होतं, असं २००७च्या एका प्रयोगात दिसलं होतं. पुढे इतरांना दुसऱ्या जातींत ते आढळलं नाही, म्हणून आम्ही करून बघायचं ठरवलं. एका विद्यार्थिनीने व्हिडिओ बघून चोळण्याचे सेकंद मोजले. आम्लवाल्या कोळंब्यांचा आकडा जवळजवळ दुप्पट! आम्ही दोघंही हरखलो. मग मी फायलींची नावं बदलून तेच व्हिडिओ तिला पुन्हा मोजायला दिले, आणि फरक जवळपास पुसला गेला. पोरीने लबाडी केली नव्हती. कोळंबी एरवीही मिशा साफ करतच असते. 'ही आम्लवाली' हे ठाऊक असलं की तीच हालचाल कळवळल्यासारखी दिसते आणि स्टॉपवॉच जरा उशिरा थांबतं. गणितं सोडवतो म्हणून गाजलेल्या बर्लिनच्या 'हुशार हान्स' घोड्यापायी जाणते लोकही असेच फसले होते. तो गणितं सोडवत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीक हालचाल टिपत होता, हे ऑस्कर फुंग्स्टने १९०७ साली दाखवलं.

आता आमच्या फायलींना क्रमांक ग्रंथालयातले शिपाईमामा देतात आणि यादी त्यांच्याच कपाटात राहते. यात दोन दिवस जातात म्हणून कुरकुरणाऱ्याला मी हा विषय देत नाही.

आरशात स्वतःला न ओळखणारा कुत्रा 'नापास' ठरवू नका. तो जग नाकाने ओळखतो, आणि स्वतःला ओळखण्याचा नि दुखण्याचा प्रश्न एक नाही.

मेंदूची ठेवण आपल्यासारखी नाही म्हणून नकार देऊ नका. ऑक्टोपसच्या बहुतेक चेतापेशी बाहूंत असतात. तरी २०२१ साली रॉबिन क्रुक यांच्या प्रयोगात आम्लाच्या इंजेक्शननंतर ज्या कप्प्यात ठेवलं, तो कप्पा ऑक्टोपसांनी पुढे टाळला.

एका प्रयोगावर निकाल देऊ नका. त्याच वर्षी तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने अशा प्राण्यांना जाणीव असते का यावरचे ३००हून अधिक अभ्यास ८ निकषांवर तपासले. खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस ब्रिटनच्या २०२२च्या प्राणिकल्याण कायद्यात आले ते त्यानंतर.

त्या विद्यार्थिनीने शेवटी 'कोळंबीला वेदना होत नाही' असं लिहून आणलं. तेही मी खोडायला लावलं. तिच्या वहीत आता आहे : 'या जातीत, या पद्धतीने दिसलं नाही.'