उष्णतेचा नकाशा घेऊन वस्तीत जाण्यापूर्वी

शहराचं आरोग्य आणि नगररचना यांच्या सांध्यावर काम करायला माणसं कुठूनही येतात: वास्तुकला, भूगोल, वैद्यक, समाजकार्य. प्रत्येकाची एखादी बाजू कच्ची असतेच. आराखडा काढणाऱ्याला रोगाचं प्रमाण काढता येत नाही, तर आरोग्यवाल्याला रस्त्याची रुंदी कोण आणि कधी ठरवतं याचा पत्ता नसतो. आमच्या मते ही दुसरी उणीव जास्त महागात पडते.

म्हणून प्रकल्पावर रुजू झाल्यावर पहिल्यांदा हे विचारा: अजून काय ठरायचं बाकी आहे? रस्त्याचा छेद (पदपथ, गाड्यांची जागा, झाडं यांना किती रुंदी मिळते ते दाखवणारं आडवं चित्र) मंजूर होऊन निविदा निघाली असेल, तर लोकांची सभा घेणं हा निव्वळ देखावा. नगरनियोजनाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणं तिसऱ्या पायरीवर येतं आणि मत विचारणं चौथ्या. बऱ्याच जाहीर सुनावण्या तिथेच थांबतात. जे बदलता येईल त्याची छोटीशी यादी हातात असेल तरच लोकांना बोलवा: झाडांच्या जागा, बसथांब्याची सावली, सिग्नलची वेळ, नळाची जागा.

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत उपग्रहाच्या उष्णता-नकाशाने होते. लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकी उपग्रहांचा औष्णिक (उष्णता टिपणारा) संवेदक मुळात १०० मीटरच्या चौकटीत मोजतो. हाती येणारे ३० मीटरचे चौकोन त्यावरूनच बेतलेले असतात. उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास डोक्यावरून जातो आणि मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे. त्यातही उघडा चकचकीत पत्रा उष्णता कमी उत्सर्जित करतो, त्यामुळे नकाशात तो असतो त्याहून थंड दिसू शकतो. पत्र्याखालच्या खोलीत मात्र अंगाची लाही होत असते. ज्यांना मदत सर्वांत आधी हवी, तेच नकाशावर निळे!

यावर उपाय खर्चिक नाही. वेगवेगळ्या छपरांच्या घरांत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं ठेवा: जमिनीपासून दीड मीटरवर, चूल, ऊन आणि भिंतीचा तापलेला भाग टाळून. दर १५ मिनिटांनी नोंद, ऐन उन्हाळ्यात किमान दोन आठवडे. बसवण्याआधी आणि काढल्यावर सगळी यंत्रं एकाच जागी दोन दिवस ठेवून वाचनं जुळवून पाहा, नाहीतर घरांमधला फरक खरा की यंत्रांमधला, हे कळणार नाही. रात्रीचे आकडे आधी बघा. रात्रीही खोली थंड झाली नाही तर दिवसभराचा ताण शरीरातून उतरत नाही.

वस्तीतल्या लोकांसोबतच्या पायी पाहणीला आठ-दहा जणांहून मोठा घोळका नको. एक किलोमीटरला दीड तास धरा. एकदा दुपारी, एकदा अंधार पडल्यावर. सोबत १:१००० प्रमाणाचा नकाशा. ए-१ कागदावर साधारण ६०० बाय ८४० मीटरचा भाग मावतो. लोक ज्या नावांनी जागा ओळखतात ती नावं त्यावर आधी लिहा, नाहीतर अर्धा वेळ ‘आपण आहोत कुठे’ यातच जातो. पेन ज्याच्या हातात, त्याचंच मत कागदावर उतरतं, म्हणून पेनं भरपूर न्या आणि बायकांची एक फेरी वेगळी ठेवा. सिग्नलवर रस्ता ओलांडायला किती वेळ मिळतो ते घड्याळावर मोजा. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत ओलांडून होतो, ०.८ मीटरने चालणाऱ्या आजीला १५ लागतात.

उपाय सुचवताना ते एकमेकांशी भांडतात हे ध्यानात ठेवा. पावसाचं पाणी मुरवणारा खड्डा ४८ तासांत कोरडा व्हायला हवा. गाळ साचून पाणी आठवडाभर थांबलं की डास आलेच. परावर्तक रंग छपराला उत्तम, पण पदपथावर तोच रंग ऊन चालणाऱ्याच्या अंगावर उलटवतो. अरुंद, वाहनांनी भरलेल्या गल्लीवर झाडांचं घनदाट छत्र धरलं तर धूर खालीच अडकतो. तिथे विरळ फांद्यांची झाडं बरी. रोपांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, हे नावानिशी लिहून घ्या.

मृत्यू किंवा आजार घटतील असं वचन मात्र देऊ नका. काही शे लोकांच्या गल्लीत असा फरक आकडेवारीत उमटत नाही. खोलीतलं रात्रीचं तापमान, थांब्यावर सावली किती वेळ राहते, पायी जाणाऱ्यांची संख्या हे मोजा, आणि जिथे काहीच बदललं नाही अशी तुलनेची एक गल्लीही मोजा.

शिकण्यासारखं बरंच आहे, पण क्यूजीआयएस (नकाशे बनवण्याचं मोफत सॉफ्टवेअर), थोडं संख्याशास्त्र आणि रस्त्याचा छेद वाचता येणं एवढ्यावर सुरुवात होते. सभेचं टिपण लिहिणं कुणी शिकवत नाही, तेही शिकून घ्या. प्रत्येक सूचनेसमोर ‘घेतली’ किंवा ‘नाही घेतली, कारण अमुक’ असं लिहून तो कागद दोन आठवड्यांत वस्तीत लावा. उशीर झाला तर पुढच्या फेरीला निम्मे लोक येत नाहीत.