पितळखोऱ्याला जाताय?

कन्नडजवळची पितळखोरा लेणी वेरूळपासून साधारण 40 किलोमीटरवर, गौताळ्याच्या जंगलाला लागून आहेत. गाडी थांबते ती पठारावर. तिथून पायऱ्या उतरून दरीत जायचं, म्हणजे दमछाक परतीच्या वाटेवर. गुडघे कुरकुरत असतील तर सकाळीच जा. पाणी, दशम्या-चटणी घरूनच घ्या, तिथे काही मिळेल या भरवशावर राहू नका.

श्रावणात दरी हिरवीगार असते, पण शेवाळलेल्या दगडावर चप्पल टिकत नाही. ओढा फुगलेला असेल तर पलीकडच्या लेण्यांचा हट्ट सोडा.

14 लेण्यांपैकी बहुतेक विहार, म्हणजे भिक्खूंची निवासस्थानं. सुरुवात इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. वेळ थोडा असेल तर तिसरं आणि चौथं लेणंच नीट बघा. तिसऱ्यातल्या खांबांवर रंगवलेली चित्रं आहेत, फ्लॅश मारू नका. चौथ्याच्या जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी द्वारपाल. इथला हसरा यक्ष मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे (माझ्या मते तो इथेच शोभला असता).

कातळावर आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा यातलं काहीच नको.