ग्लायडरचा पंख मोल्डमधून काढायचाय? मग आधी हे वाचा

फायबरचा ग्लायडर करायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात कार्बन कुठला घेऊ, पण खरा वेळ खातो तो प्लग (पंखाच्या आकाराचा नमुना) आणि त्यावरून घेतलेला मोल्ड (साचा). प्लगवर जी खोट राहिली ती मोल्डमध्ये उतरते आणि मग त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पंखावर तीच, त्यामुळे घासायचा कंटाळा करू नका. प्लग चकचकीत झाला की शेजारी ट्यूबलाइट धरायची आणि तिचं प्रतिबिंब बघत पंखाच्या टोकापर्यंत जायचं, रेघ जिथे लचकली तिथे खड्डा नाहीतर उंचवटा आहे समजा. ब्लॉक लांब घ्या, नुसता पॉलिश पेपर हातात धरून घासलंत तर लाटा येणारच.

पंख मोल्डला चिकटू नये म्हणून मोल्डला वॅक्सचे पाच-सहा हात, प्रत्येक हात सुकू देऊन पुसायचा, मोल्ड नवा असेल तर वरून पीव्हीए (चिकटू न देणारा पातळ थर) पण मारा. मी एकदा घाईत दोनच हात दिले होते आणि पाचर ठोकून पंख काढताना मोल्डचा जेलकोटच (पृष्ठभागाचा गुळगुळीत थर) सोबत उपटून आला, दोन महिन्यांचं काम गेलं.

आता लेअप, म्हणजे मोल्डमध्ये थर घालणं. आधी मोल्डवर पंखाचा जेलकोट मारायचा. तो बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा वेळी पहिलं कापड टाकायचं, आणि ते पातळच घ्या म्हणजे वर विणीची नक्षी उठत नाही. स्किनचं, म्हणजे पंखाच्या बाहेरच्या कवचाचं कापड 45 अंशात, कारण पंख पिळू न देणं हे तिचं काम. वाकण्याचा भार स्पार (पंखाच्या आतला लांब कणा) घेतो, म्हणून स्पार कॅपमधले (त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांमधले) धागे लांबीला एकदम सरळ हवेत, वरच्या कॅपवर उडताना दाब येतो आणि धागा नागमोडी पडला असेल तर कॅप तिथेच आधी बसते.

रेझिन (कापड भिजवून कडक करणारा द्रव) वजनावरच मोजा, अंदाजपंचे नको. एल 285 या इपॉक्सी रेझिनमध्ये 100 ग्रॅमला 40 ग्रॅम हार्डनर, लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते लवकर सुकत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. कालवलेलं पसरट ट्रेमध्ये ओता, खोल मगात ठेवलंत तर स्वतःच्याच उष्णतेने धुरावेल. कापड ओलं दिसलं पाहिजे, वर रेझिन तरंगायला नको. मग फोम, आतलं कापड, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), छिद्रांची फिल्म, ब्रीदर (हवा जाऊ देणारा थर) आणि वर बॅग, तिच्यातली हवा पंपाने काढायची. पंप बंद करून गेजचा काटा बघा, पडत असेल तर गळती शोधा.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती दोन अर्धे मोल्ड बंद करायच्या वेळची, कारण आत स्पारच्या वेबवर (वरच्या-खालच्या कॅपमधल्या उभ्या भिंतीवर) चिकटलंय की नाही हे नंतर दिसतच नाही. म्हणून आधी कोरडी ट्रायल. वेबच्या कडेवर प्लॅस्टिसिनच्या गोळ्या ठेवायच्या, त्यावर पातळ प्लॅस्टिक, मोल्ड बंद करून बोल्ट आवळायचे आणि उघडून दबलेल्या गोळ्यांची जाडी कॅलिपरने मोजायची. जिथे गोळी दबलीच नाही तिथे सांधा हवेतच राहणार, तिथे वेब वाढवा. मग रेझिनमध्ये कॉटन फ्लॉक्स (कापसाचे बारीक तंतू) घालून घट्ट पेस्ट करा आणि गोळीच्या जाडीपेक्षा थोडी जास्तच लावा, कडेने बाहेर आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कडक लागलं म्हणून लगेच उघडू नका. मोल्डमध्येच 50-55 अंशाला 10-15 तास तापवा, नाहीतर उन्हात पंख नरम पडतो. फायबरचे ग्लायडर पांढरे असतात ते याच कारणाने, गडद रंग देण्याचा विचार मनातून काढा. आणि माणूस बसणारं विमान असेल तर कालवलेल्या रेझिनच्या प्रत्येक बॅचचा एक तुकडा तारीख लिहून बाजूला ठेवा, तपासणारा आधी तोच मागतो.