पडीक जागेचा पहिला पावसाळा: आधी पाण्याला वाट द्या, मग भाजी लावा

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड, शहापूरसारख्या गावांत बाजारपेठेच्या मागे नाहीतर एखाद्या पडक्या जोत्याशेजारी दोन-तीन गुंठ्यांची ओसाड जागा हमखास असते. वारसदार कल्याण-ठाण्याला, जागेत घाणेरी आणि रानमोडी माजलेली, कोपऱ्यात शेजारपाजारचा राडारोडा. मृग तोंडावर आला की अशी जागा लागवडीला घेणारे विचारायला येतात, काय काय लावू? त्यांना माझं सांगणं असतं की यंदा जागा भाजीने भरून टाकू नका. पहिला पावसाळा जमिनीला द्या, भाजी दसऱ्यानंतर घ्या.

हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्याच वर्षी जूनअखेर गुंठाभर वांग्याची रोपं सपाट जमिनीत लावली. जुलैत झड लागली, पाणी चार दिवस तुंबून राहिलं आणि उघडीप पडताच हिरवीगार रोपं भरदुपारी माना टाकू लागली. पानं पिवळी न पडताच झाड वाळतं, ती जिवाणूजन्य मर. खात्री करायची तर खोडाचा बोटभर तुकडा कापून त्याचं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून धरा, हलवू नका. काही मिनिटांत दुधासारखी पांढरी तार टोकातून खाली उतरू लागली तर मरच. त्यावर फवारणीचा उपयोग होत नाही. रोप मुळासकट काढा आणि त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची घेऊ नका. वांगी लावायचीच असतील तर दुसऱ्या वाफ्यात अर्का केशव किंवा अर्का निधी हे मर सोसणारे वाण घ्या.

जागा दुसऱ्याची असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघून मालकाची लेखी संमती आधी घ्या, किमान तीन वर्षांची. जमीन सुधारेपर्यंत एक वर्ष जातं, आणि सुधारलेली जमीन सोडून जाताना जीव तुटतो.

साफसफाई मे महिन्यातच उरका. गमबूट आणि जाड हातमोजे घाला. दगड-विटांचा ढीग आधी लांब काठीने हलवा, सरळ हात घालू नका. फुरसं, घोणस, विंचू अशाच जागी बसतात. साप चावलाच तर बांधणं, कापणं, मंत्र घालणं यात वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या. गाजरगवत फुलण्याआधी उपटा. लव्हाळा नुसता कापला किंवा कुदळीने तोडला तर दुपटीने येतो. माती खोल खणून त्याच्या गाठी वेचा आणि पत्र्यावर उन्हात कडक वाळवा. पालापाचोळा मात्र पेटवू नका. भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा जाळून राब भाजायची आपली सवय आहे, पण ओसाड जमिनीला आज हाच पाला हवा आहे. खड्ड्यात थरावर थर, मध्ये शेणकाला, वरून पावसापासून झाकण, एवढं केलं तरी पुरे.

माझ्या जागेत जोत्याच्या कडेने वीतभर खणलं की कौलांच्या खापऱ्या, बांगड्यांच्या काचा, औषधाच्या बाटल्यांची बुडं निघायची. गवंड्याची वाळू चाळायची जाळी तिरकी उभी करून सगळी माती तिच्यावर मारली. आठ दिवस गेले, पण आज अनवाणी पायाने वाफ्यात उतरता येतं. निघालेल्या विटा वाफ्यांच्या कडेला लावा. सिमेंट-चुन्याचा थर मात्र पूर्ण उचला, नाहीतर झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. जागेवर पूर्वी गॅरेज किंवा बॅटरीचं काम चालत असेल तर तिथे पालेभाजी आणि कंद नकोत, मातीत शिसं असू शकतं. झेंडू लावा, दसऱ्याला बाजार तयारच असतो.

आता पाणी. ठाणे जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. पाऊस सुरू होण्याआधी फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा, ते जिरलं की संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळीही पाणी तसंच दिसलं तर खाली घट्ट थर आहे असं समजा. उताराच्या बाजूने चर काढा, पण त्याचं तोंड शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. गादीवाफे तीन फूट रुंद, फूटभर उंच, मध्ये दीड फुटाची वाट.

पहिला दमदार पाऊस झाला की मोकळ्या जागेत ताग फेका, गुंठ्याला साधारण अर्धा ते पाऊण किलो. दीड महिन्यात कमरेच्या वर जातो. फुलं येऊ लागताच कापून मातीत गाडा आणि कुजायला तीन आठवडे द्या. कुंपणाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) बरं: मनगटाएवढ्या जाडीच्या, चार फुटी काठ्या, खालचं टोक तिरकं कापून, दीड-दीड फुटावर वीतभर खोल. पुढच्या वर्षीपासून छाटलेला पाला खताला होतो.

पहिल्या पावसाळ्यात खायला काहीच नको असं नाही. काठाला मातीचे उंच आळे करून बांबूच्या मांडवावर दोन-चार वेल चढवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण तारा कारलं, कोकण हरिता दोडका, कोकण श्वेता पडवळ हे आपल्या हवेचे वाण. फळमाशीसाठी क्यू ल्युरचा (नर माशीला खेचणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा, डागी फळं रोज वेचून खोल पुरा. पाणी रेंगाळणाऱ्या कोपऱ्यात अळू. शेवगा आणि पपई तिथे लावू नका, मुळं कुजतात. टाकळा आपोआप उगवेल, पण कचऱ्याच्या जागेतला टाकळा या वर्षी ताटात घेऊ नका, तोही खड्ड्यात टाका.

सप्टेंबरमध्ये रोपवाटिका करा, तीही गादीवाफ्यावर. पाऊस ओसरला की मुळा, माठ, मेथी, कोथिंबीर. वाल भातकापणीनंतर लगेच, जमिनीत ओल आहे तोवर टोका, आणि दोन ओळींत वाळलेला पालापाचोळा पसरा. ओल टिकली तर पौषात, मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेच्या सुमारास शेंगा तोडायला येतात.