कॉन्सर्ट फिल्म घरी नीट कशी बघायची आणि मग त्यावरची मतं कशी वाचायची

मी सांगलीत साउंडचं काम करतो, लग्न, भजन, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, कधी मिरजेत एखादी बैठक. त्यामुळं गाणं सुरू झालं की माझं लक्ष आधी माईक कुठाय इकडंच जातं. मागच्या दिवाळीत भाची विश्रामबागला आमच्याकडं राहायला आली आणि तिनं टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या एराज टूर नावाच्या दौऱ्याची फिल्म लावली, पावणेतीन तासांची, आणि पहिल्या अर्ध्या तासात मी चारदा मध्ये बोललो. शेवटी ती म्हणाली, "मामा, थांब की जरा, आधी बघ तरी." बरोबरच होतं तिचं. त्या सुट्टीत आम्ही दोघांनी अशा बऱ्याच फिल्म बघितल्या आणि त्यातनं जे हाती लागलं ते इथं लिहितोय, कारण लोक टीव्हीच्या बारक्या आवाजात दहा मिनिटं बघतात आणि बेकार आहे म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही.

सगळ्यात आधी आवाज. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर एवढेसे असतात आणि बऱ्याच टीव्हीत त्यांची तोंडं खाली नाहीतर मागं असतात, त्यामुळं बेस जवळजवळ येतच नाही आणि पब्लिकचा आवाज म्हणजे नुसतं स्टोव्ह पेटल्यासारखं फसफस. घरात साउंडबार किंवा जुना होम थिएटर असेल तर तो काढा, पण ब्लूटूथवर जोडू नका. ब्लूटूथला आवाज थोडा उशिरा पोचतो, बातम्या बघताना चालून जातं पण गाण्यात ओठ आधी हलतात आणि शब्द मागनं येतो, एकदा ते लक्षात आलं की दुसरं काही दिसतच नाही. टीव्हीच्या मागं एचडीएमआयचे जे पोर्ट असतात त्यातल्या एकावर एआरसी लिहिलेलं असतंय, वायर त्यात घाला. मग सेटिंगमध्ये जाऊन नाइट मोड, क्लिअर व्हॉइस असलं जे काय चालू असेल ते बंद करा. ते बोलणं ऐकू यावं म्हणून मोठा आवाज दाबतात आणि बारका वर काढतात, आणि गाण्यात तर सगळी मजा त्या चढउतारातच असते. आवाज किती ठेवायचा ते गाणं चालू असताना ठरवा, बोलणं चालू असताना नको, नाहीतर पुढचं गाणं लागलं की शेजारच्या काकू दारात.

जमलंय का हे तपासायची माझी एक खूण आहे. गायिका मध्येच थांबते, माईक पब्लिककडं करते आणि पुढची ओळ सगळं स्टेडियम गातं, अशी जागा बऱ्याच कॉन्सर्ट फिल्ममध्ये येते. त्या वेळी आवाज समोरच्या एका बिंदूतनं न येता डावी-उजवीकडं पसरला पाहिजे. स्टेजवरचे माईक गायकाचे आणि वाद्यांचे असतात, पब्लिकसाठी वेगळे माईक लावलेले असतात, आणि ते किती वर घ्यायचे हे नंतर मिक्सिंगला बसून ठरवतात. म्हणजे तुम्हाला जी गर्दी ऐकू येते ती कुणीतरी विचार करून तेवढी ठेवलेली असते. मला तर आता आधी तेच ऐकू येतं आणि फिल्म करणाऱ्याची समज मी त्यावरनंच जोखतो.

आता दुसरं, फिल्म कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखा. एराज टूरची फिल्म म्हणजे कॉन्सर्टच आहे, ऑगस्ट 2023 मध्ये लॉस एंजेलिसच्या सोफाय स्टेडियममध्ये शूट केलेली, स्टेजमागचं त्यात काही नाही. मॅडोना या गायिकेची 1991 ची ट्रुथ ऑर डेअर एकदम उलटी, तिथं स्टेज रंगीत आणि स्टेजमागचं आयुष्य ब्लॅक अँड व्हाइट, आणि जीव सगळा त्या ब्लॅक अँड व्हाइटमध्येच आहे. मायकल जॅक्सनची धिस इज इट तिसऱ्याच प्रकारची. लंडनला त्याचे 50 शो ठरले होते, तो 25 जून 2009 ला गेला, शो एकही झाला नाही, आणि त्या शोच्या तालमींचं जे शूटिंग होतं त्यातनं ही फिल्म ऑक्टोबरमध्ये आली. ती बघताना भाची म्हणाली की तो नीट गातच नाहीये. मी तिला म्हटलं बाळा, तो गळा राखतोय. मिरजेत बैठकीआधी साउंड चेकला गवयी येतो, तो काय पूर्ण आवाज लावतो का, दोन सूर लावतो, मान हलवतो, तानपुरा थोडा वर घे म्हणतो आणि उठून चहाला जातो. त्या फिल्ममध्ये जॅक्सन वादकांना एखादी जागा कशी सोडायची ते समजावतो, तिथं बारकाईनं बघा. पूर्ण गाणं ऐकायला बसलात तर निराश व्हाल, काम करणारा माणूस बघायला बसलात तर उठवणार नाही.

जात कळली की लोकांची मतं वाचणं सोपं जातं. एराज टूरबद्दल एक तक्रार मी बऱ्याचदा वाचली की तिच्याविषयी नवीन काहीच कळत नाही. अहो, ती फिल्म ते सांगायला निघालेलीच नाही. गल्ल्याचे आकडेपण जपून वाचा. अमेरिकेत ती 13 ऑक्टोबर 2023 ला लागली, आपल्याकडं 3 नोव्हेंबरला. मोठ्या स्टुडिओला मध्ये न घेता थेट एएमसी या थिएटर कंपनीमार्फत काढली आणि पहिल्या तीन दिवसांत तिथं 9 कोटी डॉलरच्या वर गेली, आणि पुढं सगळी मिळून जगभरात 26 कोटी डॉलरच्या वर. बाहेर येणाऱ्या प्रेक्षकांना विचारून तिथं सिनेमास्कोर नावाची जी ग्रेड देतात ती ए प्लस मिळाली. पण पहिल्या दिवशी तिकीट काढून कोण गेलं होतं, तिचेच चाहते ना. म्हणजे ज्यांच्यासाठी केली ते खूश झाले एवढं त्यातनं नक्की कळतं, आणि ते काय कमी नाही, पण तिची गाणी कधी न ऐकलेल्या माणसाला आवडेल का याचं उत्तर त्यात नाही.

थिएटरात लोक उठून नाचले, गायले, त्यावरनंही वाद झाला. मी सांगलीचा आहे, 1843 ला इथं विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणवतो, आणि संगीत नाटकात वन्स मोअर घेतल्याशिवाय आपले आजोबा-पणजोबा पुढचा प्रवेश होऊ द्यायचे नाहीत. त्यामुळं पब्लिक गायलं म्हणून नाक मुरडणं मला जमत नाही. शांत बसून बघायचं असेल तर गर्दी ओसरल्यावरचा सकाळचा शो बघा, किंवा घरी.

स्टेजमागच्या फिल्मबाबत अजून एक माणूस विचारात घ्या, जो त्यात दिसतो तो. मॅडोनाची फिल्म गाजली, कित्येक वर्षं सगळ्यात जास्त कमावलेली डॉक्युमेंटरी म्हणून तिचं नाव घेतलं जायचं, पण तिच्यातल्या तीन डान्सरनी आपलं खासगी आयुष्य दाखवलं म्हणून कोर्टात दावा लावला. जॅक्सनच्या वेळी तर काही चाहतेच फिल्मच्या विरोधात उभे राहिले. परीक्षणांत हे कधी एका ओळीत येतं, कधी येतच नाही, म्हणून मुद्दाम शोधून वाचा, आणि फिल्म बघून झाल्यावर वाचा, आधी नको.

मंडळाच्या पोरांना एक सांगतो, स्वतःच्या ओटीटी अकाउंटवरनं चौकात पडदा लावून दाखवू नका, ते घरापुरतं असतंय, सार्वजनिक दाखवायला वेगळी परवानगी लागते.

आणि सुरुवात कुठनं करायची विचाराल तर टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडची 1984 ची स्टॉप मेकिंग सेन्स घ्या, दीड तासाच्या आतच आहे. मोकळ्या स्टेजवर एकटा माणूस गिटार आणि कॅसेट प्लेअर घेऊन येतो, मग गाण्यागणिक एकेक वादक वाढत जातो, आणि समोरचं पब्लिक जवळजवळ शेवटपर्यंत दाखवतच नाहीत, नुसतं ऐकू येतं. तो कॅसेट प्लेअर खाली ठेवायच्या आत वायर जोडून घ्या.