क्लायंट सर्टिफिकेट चालत नाही? आधी नकार कुठून येतोय ते शोधा

नागपुरात मिहानमध्ये किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये सर्व्हर सपोर्टला लागलात, की हे तिकीट कधी ना कधी येतंच: "सर्टिफिकेट टाकलंय, तरी पान उघडत नाही." हे म्हणजे क्लायंट सर्टिफिकेट, वापरणाऱ्याची ओळख पटवायला ब्राउझर सर्व्हरला दाखवतो ते. नवीन मुलं लगेच सर्व्हरवरची, पान तयार करणारी स्क्रिप्ट उघडून बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिला हात लावण्याआधी नकार कोण देतंय ते ठरवा: हॅन्डशेक (कनेक्शन जुळताना होणारी ओळख-तपासणी), अपाचे (वेब सर्व्हर) की स्क्रिप्ट?

ब्राउझर बाजूला ठेवा. आधी निवडलेलं सर्टिफिकेट तो लक्षात ठेवतो आणि तपासणी फसते. टर्मिनलवर ओपनएसएसएलची एस-क्लायंट कमांड सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) देऊन चालवा. सर्व्हर कोणकोणते सीए (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था) मानतो, त्यांची यादी आउटपुटमध्ये दिसते. तुमचा सीए तिच्यात नसेल, तर ब्राउझर सहसा ते सर्टिफिकेट निवडायलाही दाखवत नाही. मध्ये इंटरमीडिएट सीए असेल तर व्हेरिफाय डेप्थ (सीएंची साखळी किती पायऱ्यांपर्यंत चालेल) बघा. अपाचेत ती मुळात 1 असते.

टीएलएस (सुरक्षित कनेक्शनचा प्रोटोकॉल) 1.3 मध्ये मात्र जपून. तिथे सर्व्हरने सर्टिफिकेट तपासण्याआधीच क्लायंटच्या बाजूचा हॅन्डशेक पूर्ण होतो. कनेक्शन जुळलेलं दिसतं आणि पुढे काही वाचायला गेलं की 'सर्टिफिकेट रिक्वायर्ड' असा अलर्ट येतो. म्हणून गेट रिक्वेस्ट पाठवून उत्तर येईपर्यंत थांबाच. सर्टिफिकेटची सक्ती फक्त एखाद्या फोल्डरपुरती लावली असेल, तर 1.3 वर ब्राउझरला थेट 403 (प्रवेश नाकारला) मिळतो, कारण जुनं रीनिगोशिएशन (मध्येच पुन्हा हॅन्डशेक करणं) त्यात राहिलेलंच नाही. सक्ती व्हर्च्युअल होस्टवर (पूर्ण साइटच्या सेटिंगमध्ये) न्या, हवं तर वेगळा सबडोमेन करा.

एवढं सगळं ठीक निघालं की मग स्क्रिप्ट. पहिल्या ओळीत एन्व्हायर्नमेंट (अपाचेने स्क्रिप्टला दिलेली व्हेरिएबल्स) लॉगमध्ये काढा. एसएसएलची व्हेरिएबल्स रिकामी असतील तर स्क्रिप्टचा दोष नाही. अपाचेचा 'स्टँडर्ड एन्व्ह व्हार्स' हा पर्याय चालू करायचा राहिलाय. व्हेरिफिकेशन 'ऑप्शनल' ठेवलं असेल, तर सर्टिफिकेट नसलेला माणूसही स्क्रिप्टपर्यंत पोचतो. तेव्हा व्हेरिफाय या व्हेरिएबलची किंमत 'सक्सेस' आहे का, हे स्क्रिप्टनेच तपासायला हवं. नुसतं नाव आलंय म्हणून आत सोडणं धोक्याचं.

जुन्या स्क्रिप्ट आणखी एका जागी अडतात. पूर्ण डीएन (सर्टिफिकेटमधलं धारकाचं पूर्ण नाव) तिरप्या रेघांवर तोडून त्या नाव काढतात. अपाचे 2.4 मध्ये डीएन स्वल्पविरामांनी येतो, क्रमही उलटा. कॉमन नेमचं वेगळं व्हेरिएबल अपाचे देतोच, तेच घ्या.