अलॉय क्रॅक होतं ते आतल्या बाजूने: मुंबईच्या पावसाळ्यात रिम वाचवायची कशी

मागच्या जुलैत आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक रोज सकाळी थोडं बसलेलं दिसायचं, पूर्ण फ्लॅट नाही, पण ३३ भरली की दुसऱ्या दिवशी २४-२५. तीन दिवस मी पंपावर नुसती हवा भरत राहिलो, म्हटलं एवढ्या पावसात कुठे पंक्चर काढत बसायचं. चौथ्या दिवशी भांडुपला नाक्यावरच्या अण्णाकडे गेलो, त्याने चाक उतरवून अख्ख्या टायरवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. मग चाक उलटं करून रिमच्या आतल्या कडेवर पाणी सोडलं तर एका जागी मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक बारीक बुडबुडे, बोटाच्या पेराएवढी चीर, केसाइतकी बारीक. "टायर एकदम बढिया है साहब, डिस्क गया." डिस्क म्हणजे रिम. आणि बाहेरून बघाल तर तेच अलॉय शोरूममधून कालच आणल्यासारखं चकाचक.

तर पहिली गोष्ट हीच, अलॉय बहुतेक वेळा आतून जातं. चाकाचे स्पोक असतात बाहेरच्या बाजूला, त्यामुळे बाहेरची कड मजबूत धरलेली असते आणि आतली कड मात्र गाडीच्या खाली आधाराशिवाय लांब निघालेली असते. खड्ड्याच्या धारेचा दणका तिला बसला की आधी ती वाकते आणि मग तडकते. आपण गाडी धुताना बाहेरून फडका मारतो आणि खूश होतो.

लोखंडी रिम अशा वेळी वाकून मोकळी होते, ठोकली की पुन्हा चालते, काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांना विचारा. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियममध्ये थोडं सिलिकॉन आणि जरासं मॅग्नेशियम घालून साच्यात ओतलेली वस्तू, हलकी असते, दिसते भारी, पण वाकायची तयारी कमी. दुसरं म्हणजे लोखंडाला एका मर्यादेच्या खालचे धक्के कितीही द्या, ते सहन करतं, ॲल्युमिनियमला अशी खालची मर्यादाच नाही, प्रत्येक धक्का कुठेतरी जमा होत राहतो. म्हणून कधीकधी आज ज्या छोट्या खड्ड्यात चाक गेलं त्याचा काही दोष नसतो, काम आधीच्या पन्नास खड्ड्यांनी करून ठेवलेलं असतं.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा उपाय हवा, बाकी सगळं नंतर. खड्डा आणि रिम यांच्या मधे फक्त टायरची हवा आहे, ती कमी असली की टायर पूर्ण दबतो आणि धार थेट रिमला लागते. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर लिहिलंय तेवढी हवा गाडी थंड असताना, दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात तर दर आठवड्याला बघा. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गणपतीला गावी निघताय तर त्याच स्टिकरवर फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो कोणी वाचत नाही. आणि हो, जास्तीची हवा हा उपाय नाही, टायर दगड होतो, ब्रेकिंग बिघडतं आणि धक्का तेवढाच वर येतो. नायट्रोजन भरलाय म्हणून निर्धास्त राहू नका, कमी झालेला नायट्रोजन पण कमीच.

मग टायरची उंची. समजा कंपनीने १८५/६५ आर १५ दिलाय, म्हणजे रुंदी १८५ मिमी, उंची तिच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची, म्हणजेच रिमपासून रस्त्यापर्यंत साधारण १२० मिमी रबर. तुम्ही हौसेने १६ इंची अलॉय आणि १९५/५५ टाकला की उरले १०७, आणि १७ इंची घालून २०५/४५ वर गेलात की ९२. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच, पण उशी गेली एक इंचाहून जास्त. रात्री मरीन ड्राईव्हवर फोटो झकास येतो मान्य, पण रोज जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) नाहीतर घोडबंदर रोड करायचा असेल तर माझं ऐका आणि कंपनीच्या साईजवर राहा, फार तर एक इंच वर.

चालवण्याबद्दल दोन गोष्टी. वेग दुप्पट झाला की धक्क्यातली ऊर्जा चौपट होते, म्हणजे २० ने गेलेला खड्डा आणि ४० ने गेलेला खड्डा हे एकच प्रकरण नाही. आणि ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा, खड्ड्यात नाही. आपण सगळे हीच चूक करतो, खड्डा दिसला की पाय दाबून धरतो, गाडीचं नाक खाली जातं, पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि त्याच अवस्थेत चाक धारेवर जाऊन आपटतं. आधी वेग कमी करा, धार यायच्या जरा आधी ब्रेक सोडा, स्टेअरिंग सरळ, आणि चाक आरामात आत उतरून वर येऊ दे. पाणी भरलं असेल तर खोली कळत नाही, तेव्हा पुढच्या रिक्षावाल्याकडे बघा, तो रोज तिथूनच जातो, त्याने कारण नसताना हँडल वळवलं म्हणजे तिथे काहीतरी आहे. फ्लायओव्हरचे जॉइंट, काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतो ती पायरी, आणि रस्ता नवीन झाल्यावर वर राहिलेली नाहीतर खाली गेलेली मॅनहोलची झाकणं, ही आपल्याकडची नेहमीची ठिकाणं, एकदा लक्षात ठेवली की पाय आपोआप उठतो.

फूटपाथला घासून पार्किंग केल्यावर जो ओरखडा येतो तो बहुतेक वेळा फक्त दिसायला वाईट, पण खोल खाच पडली असेल तर दुर्लक्ष करू नका, चीर अशाच खाचेतून सुरू होते. तसंच वॉशिंगवाला चाकं पांढरी करायला ॲसिडचं पाणी मारतो ते बंद करायला सांगा. आधीच समुद्राची खारी हवा, त्यात ॲसिड, मग कोटिंग उडतं आणि खाली बारीक खड्डे पडायला लागतात. साधा कार शाम्पू पुरतो.

नट हा विषय कोणी गंभीरपणे घेत नाही. टायरच्या दुकानात हवेची गन लावून टर्रर्र करून नट आवळतात, आणि रस्त्यावर आपण पान्यावर उभे राहतो. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लागतात, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सत्तर किलोचा माणूस एक फुटी पान्याच्या टोकावर उभा राहिला की २०० च्या वर गेलाच. त्याने नटाच्या भोकाशी अलॉय तडकू शकतं. गनने फक्त जवळ आणायला सांगा, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने (ज्यावर जोराचा आकडा लावता येतो), समोरासमोरचे नट घेत घेत, आणि ५०-१०० किमी चालवल्यावर एकदा परत चेक. बाहेरून घेतलेल्या अलॉयला त्याच्यासाठीचेच नट लागतात, लोखंडी रिमचे जुने नट नीट बसतातच असं नाही.

तपासायचं कसं? टायर रोटेशनला किंवा अलाइनमेंटला गाडी वर उचलली की दहा मिनिटं काढा, मोबाईलचा टॉर्च घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवत आतली कड पूर्ण बघा. चिखल असेल तर आधी पुसा, चीर चिखलाखाली लपते. पंक्चर सापडत नाही पण हवा उतरते, बॅलन्सिंग करूनही ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, मोठा खड्डा बसल्यावर कुठून तरी घूं घूं आवाज यायला लागला, यातलं काही एक असलं की चाक उतरवा आणि आतून साबणाचं पाणी मारा. संशय पक्का करायचा तर डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात, जागा साफ करून लाल रंग मारायचा, थोडा वेळ थांबून पुसून टाकायचा, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

चीर सापडली तर काय, यावर माझं मत ठाम आहे: रिम बदला, वेल्डिंग करू नका. मला एका गॅरेजवाल्याने "आर्गॉन मारून देतो, पाच वर्षं बघायला नको" असं सांगितलं होतं. अडचण अशी की अलॉय ओतल्यावर त्याला साधारण ५४० डिग्रीपर्यंत तापवून पाण्यात विझवतात आणि मग १५०-१६० च्या आसपास काही तास ठेवतात, त्याची ताकद तिथून येते. वेल्डिंगने शेजारच्या पट्ट्याची ती ताकद जाते, आणि पुढची चीर वेल्डच्या बाजूने पडते, बहुतेक एक्सप्रेसवेवरच. नुसती थोडी वाकलेली, कुठेही तडा नसलेली रिम मशीनवर दाबून सरळ करणं ठीक. पण बेंड काढायला कोणी गॅसची ज्योत लावत असेल तर चाक घेऊन घरी या, ॲल्युमिनियम लोखंडासारखं तापून लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं ते त्यालाही कळत नसतं.

सेकंडहँड अलॉय घेताना, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला असो की आणखी कुठे, टायर न चढवलेली रिम मागा आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. नवीन रंगाखाली उंचवटा लागला की वेल्ड आहे असं धरून चाला. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयएचा शिक्का (अलॉय चाकांच्या जपानी दर्जाच्या खुणा), रिमचा साईज, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा) आणि लोड रेटिंग ओतून आलेलं असतं, ते वाचा. शिक्का खोटाही पाडता येतो, पण ज्यावर काहीच लिहिलेलं नाही ते तर घेऊच नका.

आणि स्टेपनीतली हवा बघून ठेवा. त्या दिवशी अण्णाने माझी काढली तेव्हा तिच्यात १८ होती.